विश्लेषण : स्वामी रामानंद तीर्थांचा जन्म कोणत्या राज्यातला? सीमा सरकल्यावर पूर्वजांचे गाव लिहायचे कसे?

भूम तालुक्यातील ईट या गावात १९३५ च्या सुमारास जन्मलेली एखादी आजी गाव न सोडता चार राज्यांत राहिली आहे. जन्म निजामाच्या हैदराबाद संस्थानात, पुढे भारतीय संघराज्यातील हैदराबाद राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. जिल्ह्याचे नाव तेवढे उस्मानाबाद असे टिकून होते, तेही २०२३ मध्ये धाराशिव झाले. आता तिचा नातू मोबाइलवर वंशावळीचे ॲप उघडतो, जन्मस्थळाच्या रकान्यात ‘ईट’ लिहितो आणि पुढच्या दोन रकान्यांवर अडतो : राज्य कोणते आणि देश कोणता?

हा पेच ज्यांच्या चरित्रात पानोपानी दिसतो, ते म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ. त्यांचा जन्म आजच्या महाराष्ट्रातला नाही, मृत्यूही नाही. ज्या राज्याविरुद्ध ते लढले ते नकाशावरून पुसले गेले. नंतर उरलेले राज्यही भाषेप्रमाणे वाटून टाका, असा आग्रह त्यांनीच धरला. त्यांच्या आयुष्यातील एकेक मुक्काम तपासला, की ईटच्या आजीचा रकाना कसा भरायचा हेही उलगडत जाते.

सिंदगी कुठे होते?

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, सिंदगी येथे. अनेक ठिकाणी त्यांचे जन्मस्थळ ‘सिंदगी, कर्नाटक’ असे सरळ लिहिलेले आढळते. नकाशावर पाहायचे तर ते बरोबर आहे. पण स्वामीजींच्या हयातीत कर्नाटक नावाचे राज्यच नव्हते. १९०३ मध्ये सिंदगी विजापूर जिल्ह्यात होते आणि विजापूर मुंबई इलाख्यात. १९५० मध्ये ते मुंबई राज्यात आले, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेले. म्हैसूरचे नाव कर्नाटक झाले १ नोव्हेंबर १९७३ रोजी, म्हणजे स्वामीजींच्या निधनानंतर जवळपास पावणेदोन वर्षांनी. जिल्ह्याचे अधिकृत नाव विजयपुर झाले ते २०१४ मध्ये.

मुंबई इलाखा हा शब्दही आज फसवा वाटतो. त्या काळी कराची आणि सगळा सिंध याच इलाख्यात होता. सिंध वेगळा प्रांत झाला तो १ एप्रिल १९३६ ला. म्हणजे कराचीत नोकरीला गेलेल्या एखाद्या कोकणस्थ कारकुनाचा १९०३ मध्ये तिथे जन्मलेला मुलगा आणि सिंदगीचा व्यंकटेश हे दोघे कागदावर एकाच इलाख्यातले. आज एकाचे जन्मगाव पाकिस्तानात आहे, दुसऱ्याचे कर्नाटकात. आणि त्याच वर्षी ईटमध्ये जन्मलेले मूल या दोघांपेक्षा वेगळ्याच राजवटीतले, कारण ईट मुंबई इलाख्यात नव्हते. ब्रिटिशांच्या थेट अमलाखालीही नव्हते.

वंशावळीत सर्वाधिक चुका नेमक्या इथे होतात. १९४७ पूर्वीचे म्हणजे ‘ब्रिटिश भारत’ असे धरून मराठवाड्यातल्या पणजोबांच्या नावापुढे तेच लिहिले जाते. निजामाचे राज्य ब्रिटिशांच्या सार्वभौमत्वाखाली होते, पण ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हते. त्याची न्यायालये वेगळी, टपाल तिकिटे वेगळी, चलन हाली शिक्का. हद्दीवर करोडगिरी नाके असत आणि मालावर जकात द्यावी लागे. ईटच्या पश्चिमेला जामखेड तालुक्यातले खर्डा पडते. १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांची लढाई झाली तेच हे खर्डा. पुढे ते अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी अमलात आले. खर्ड्याची मुलगी ईटला दिली तर तिचे माहेर मुंबई इलाख्यात आणि सासर हैदराबाद संस्थानात. बैलगाडीने एका दिवसात जाऊन येण्याजोगे अंतर, पण आज दोघांचे जुने कागद शोधायचे तर दोन वेगळ्या ठिकाणी जावे लागते.

मुल्की आणि गैरमुल्की

व्यंकटेशचे घराणे गुलबर्गा भागातले, म्हणजे निजामाच्या हद्दीतले, आणि जन्म इंग्रजी हद्दीतला. शालेय शिक्षण सोलापुरात, तेही इंग्रजी हद्दीत. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले, तेव्हा या सोळा वर्षांच्या मुलाने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याची प्रतिज्ञा केली. असहकाराच्या हाकेनंतर सरकारी शाळा सोडली. पुढे अमळनेर आणि पुण्यातील टिळक महाराष्ट्र विद्यापीठ अशा राष्ट्रीय शिक्षणसंस्थांत शिक्षण झाले. कामगार नेते ना. म. जोशी यांचे सचिव म्हणून त्यांनी काम केले. आजारपणाने ते काम सुटले.

माणूस कुठला, हा प्रश्न निजामाच्या राज्यात नुसता कुतूहलाचा नव्हता. त्याचे नियम होते. संस्थानची प्रजा ती मुल्की, बाहेरची ती गैरमुल्की. १९१९ च्या नियमांनुसार सरकारी नोकरी मुल्कींसाठी राखीव होती. जन्माने, किंवा पंधरा वर्षांच्या कायम वास्तव्याने मुल्कीपण मिळत असे. आजच्या अधिवास दाखल्याचा हा जुना भाऊबंदच म्हणायचा. १९५२ मध्ये याच मुल्की प्रश्नावर हैदराबादेत विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटले आणि गोळीबारात बळी गेले. त्यामुळे एखाद्या घरात पणजोबांचा मुल्की दाखला सापडला तर तो फ्रेम करून भिंतीला टांगण्यापुरता नाही. ते घराणे त्या वेळी कोणत्या राज्याचे मानले जात होते, याचा तो थेट पुरावा आहे.

हिप्परग्याचे मास्तर

१९२० च्या दशकाच्या अखेरीस खेडगीकर मास्तर हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत आले. हे गाव आजच्या धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात आहे. निजामाच्या राज्यात उर्दू माध्यमाची सक्ती आणि खासगी शाळांवर नजर असताना गावकऱ्यांनी १९२१ मध्ये काढलेली ही शाळा. मास्तर मुख्याध्यापक झाले. मुलांबरोबर राहणे, त्यांच्याबरोबर जेवणे, शेतात काम करणे असा तो दिनक्रम होता. मराठवाड्यातील पुढच्या कार्यकर्त्यांची एक पिढी या शाळेच्या आवारात घडली.

१९३२ मध्ये याच गावी त्यांनी स्वामी नारायण तीर्थ यांच्याकडून संन्यासदीक्षा घेतली आणि व्यंकटेश खेडगीकरांचे स्वामी रामानंद तीर्थ झाले. वंशावळ लिहिणाऱ्याला इथे आणखी एक गाठ पडते. संन्यासाबरोबर पूर्वाश्रमीचे नाव, गोत्र, घर सगळे सुटते. १९३२ च्या आधीच्या कागदात खेडगीकर शोधावे लागतात आणि नंतरच्या कागदात रामानंद तीर्थ. शिवाय आडनाव स्वतःच एका गावाचा पत्ता सांगत असते, आणि ते गाव जन्मगाव असेलच असे नाही. महाराष्ट्रातील अनेक ‘कर’ आडनावांना हे लागू आहे.

१९३५ मध्ये स्वामीजी बाबासाहेब परांजपे आदी सहकाऱ्यांसह अंबाजोगाईला गेले आणि तेथील योगेश्वरी विद्यालयाचे काम हाती घेतले. निजामाच्या दप्तरात अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद होते. ‘मोमिनाबाद’ माहीत नसेल तर त्या काळातली अंबाजोगाईची नोंद समोर असूनही दिसत नाही. उस्मानाबादचेही तसेच. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरून हे नाव पडले. त्याआधी जिल्हा नळदुर्ग नावाने ओळखला जाई आणि गाव धाराशिव.

त्याच्याही मागे गेले तर अजून एक वळण आहे. १८५३ मध्ये कर्जाच्या बदल्यात निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला. नळदुर्गचा कारभार कॅप्टन मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे होता. १८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, त्याची भरपाई म्हणून १८६० मध्ये नळदुर्ग आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या बऱ्याच भागात १८५३ ते १८६० या सात वर्षांचे कागद इंग्रजी दप्तरात आहेत, मागचे आणि पुढचे निजामाच्या. सात-आठ पिढ्या मागे जाणारी घराणी मोजकी असतात, पण जाणाऱ्याने हे लक्षात ठेवलेले बरे.

बंदी, सत्याग्रह, तुरुंग

१९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि स्वामीजी शिक्षणाकडून राजकारणाकडे वळले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रहींच्या तुकड्या तुरुंगात गेल्या, त्यांत गोविंदराव नानल आणि स्वामीजीही होते. त्याच सुमारास वंदे मातरम् म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून शेकडो विद्यार्थ्यांना काढण्यात आले. त्यांतील अनेकांनी हद्द ओलांडून नागपूर विद्यापीठात शिक्षण पुरे केले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकी एक, आणि ते स्वामीजींना गुरू मानत. घरातल्या एखाद्या आजोबांची पदवी नागपूरची का, हा प्रश्न मराठवाड्यात पडतो. त्याचे उत्तर अनेकदा या हकालपट्टीत असते.

१९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रह, १९४२ मध्ये छोडो भारत, पुन्हा पुन्हा अटक. १९४६ मध्ये बंदी उठली. जून १९४७ मध्ये हैदराबादेत मुशिराबाद येथे स्टेट काँग्रेसचे अधिवेशन झाले आणि स्वामीजी अध्यक्ष झाले.

ते तेरा महिने : ईट कोणत्या देशात?

१५ ऑगस्ट १९४७ रोजी ब्रिटिश गेले आणि त्यांच्याबरोबर संस्थानांवरचे त्यांचे सार्वभौमत्वही गेले. निजामाने भारतात सामील व्हायला नकार दिला. भारताचा झेंडा फडकवण्याची हाक दिल्याने स्वामीजींना त्याच दिवशी अटक झाली. नोव्हेंबर १९४७ च्या अखेरीस ‘जैसे थे’ करार झाला, स्वामीजी सुटले, जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा आत गेले. रझाकारांचा धुमाकूळ वाढत गेला. सोलापूर, अहमदनगर आणि इतर सीमेलगतच्या जिल्ह्यांत स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. गावेच्या गावे रातोरात हद्द ओलांडून बार्शी, सोलापूरकडे निघून गेली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य शिरले, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली आणि स्वामीजी तुरुंगाबाहेर आले.

या तेरा महिन्यांत ईटला जन्मलेल्या मुलाचा देश कोणता लिहायचा? भारताने हैदराबादचे स्वातंत्र्य कधीच मान्य केले नाही. हैदराबादने मात्र ऑगस्ट १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली, ती स्वतंत्र देशाच्या थाटात. वंशावळ हा काही न्यायनिवाडा नव्हे. ‘ईट, जि. उस्मानाबाद, हैदराबाद संस्थान’ एवढे लिहून देशाचा रकाना रिकामा सोडला, किंवा टिपेत ‘विलीनीकरणापूर्वी’ असे नोंदवले, तर कुणाचीच बाजू न घेता खरे लिहिले जाते. नागरिकत्वाचा प्रश्न मात्र त्याने अधांतरी राहत नाही. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने भारतीय राज्यघटना स्वीकारली, २६ जानेवारी १९५० रोजी हैदराबाद संघराज्याचे घटक झाले आणि तेथील रहिवासी त्या दिवशी भारताचे नागरिक झाले. त्या मुलाचा जन्म १९४८ चा आहे म्हणून त्याच्या नातवंडांना काही सिद्ध करावे लागत नाही.

सीमेपलीकडे जन्मलेल्यांचे काय, हाही मुद्दा आहेच. त्या दिवसांत अनेक बाळंतपणे बार्शी, सोलापूर, खर्डा अशा ठिकाणी झाली. घर ईटचे, दाखल्यावर जन्मगाव बार्शी. घरच्यांना वाटते दाखला चुकला. तो चुकलेला नसतो. त्या कुटुंबाच्या पळापळीची ती एकमेव लेखी खूण असते, आणि ‘दुरुस्ती’च्या नावाखाली ती खोडून टाकली जाते.

दुसरी बाजूही लिहायला हवी. लष्करी कारवाईनंतर उसळलेल्या हिंसाचारात मुस्लिम वस्त्यांची मोठी हानी झाली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घेतले, बाकीचे तीन गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. संपूर्ण राज्यात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. हा अहवाल कित्येक दशके जाहीर झाला नाही. मराठवाड्यातून हैदराबाद शहरात आणि काही पाकिस्तानात गेलेल्या कुटुंबांची वंशावळ याच ठिकाणी तुटते. कराचीतल्या घरात आजोबांचे गाव ‘उस्मानाबाद दकन’ असे ऐकिवात असते. आज नकाशावर ते नाव शोधले तर सापडत नाही.

राज्य मोडण्याचा आग्रह

मुक्तीनंतर स्वामीजींना मंत्रिपद अवघड नव्हते. ते त्या वाटेला गेले नाहीत. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत ते गुलबर्ग्यातून निवडून आले, हैदराबाद राज्याचे खासदार म्हणून. १९५७ मध्ये ते औरंगाबादेतून निवडून आले, मुंबई राज्याचे खासदार म्हणून. मतदारसंघ बदलला तो पक्षांतर्गत कारणांनी असेल वा आणखी कशाने, पण मधल्या पाच वर्षांत राज्यच संपले होते.

ते संपवण्यात स्वामीजींचा वाटा मोठा. हैदराबाद राज्यात सोळा जिल्हे होते : आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कन्नड. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे मराठीचे. राज्य अखंड ठेवावे असे मानणारे दिल्लीत आणि हैदराबादेत बरेच होते. संमिश्र संस्कृतीचे राज्य तोडू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता आणि तो अगदीच टाकाऊ नव्हता. स्वामीजींना ते पटले नाही. निजामाने तीन भाषांची माणसे एका दरबाराखाली बांधली, ती दोरी सुटली की प्रत्येकाने आपल्या भाषेच्या घरी जावे, ही त्यांची भूमिका होती. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात मराठवाडा मुंबईला आणि कन्नड जिल्हे कर्नाटकी राज्याला देण्याची शिफारस केली, पण तेलंगणापुरते हैदराबाद राज्य काही वर्षे ठेवा असे सुचवले. प्रत्यक्षात १ नोव्हेंबर १९५६ रोजी तेलंगण आंध्रला जोडले गेले आणि हैदराबाद राज्य पुरते मिटले.

या वाटणीत जिल्ह्यांच्या आतही कापाकापी झाली. बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे मराठी तालुके उस्मानाबादला जोडले गेले. पुढे १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते तिकडे गेले. म्हणजे उदगीरच्या एखाद्या घराण्याला बीदर, उस्मानाबाद आणि लातूर अशा तीन जिल्ह्यांत कागद शोधावे लागतात, आणि त्यांतला बीदर आज कर्नाटकात आहे. बार्शीच्या परिसरात तर निजामाची काही गावे मुंबई प्रांताने वेढलेली आणि मुंबईची काही निजामाने वेढलेली होती. अशा बेटांची अदलाबदल १९५० मध्ये झाली. तिथे तालुक्यावरून अंदाज करणे धोक्याचे. प्रत्येक गावाची स्वतंत्र चौकशी करावी लागते.

विभाजनाचा स्वामीजींना वैयक्तिक फायदा काहीच झाला नाही. उलट आयुष्याची अखेरची वर्षे ते राहिले हैदराबाद शहरात, म्हणजे ज्या मराठवाड्यासाठी झिजले त्याच्या राज्याबाहेर. २२ जानेवारी १९७२ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. शहर तेव्हा आंध्र प्रदेशात होते, २ जून २०१४ पासून ते तेलंगणात आहे. बेगमपेठेत त्यांची समाधी आहे. नांदेडचे विद्यापीठ १९९४ मध्ये त्यांच्या नावाने सुरू झाले. गंमत अशी, की नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे त्याचे कार्यक्षेत्र, त्यामुळे हिप्परगा आणि अंबाजोगाई या स्वामीजींच्या दोन्ही कर्मभूमी त्याच्या हद्दीबाहेर राहतात.

मग नोंद करायची कशी?

वंशावळ अभ्यासकांमध्ये रुळलेली रीत साधी आहे. घटना घडली त्या दिवशीचे नाव आधी, आजचे नाव नंतर. स्वामीजींची नोंद अशी होईल : जन्म सिंदगी, जि. विजापूर, मुंबई इलाखा, ब्रिटिश हिंदुस्थान (आज जि. विजयपुर, कर्नाटक). दीक्षा हिप्परगा, जि. उस्मानाबाद, हैदराबाद संस्थान (आज जि. धाराशिव, महाराष्ट्र). मृत्यू हैदराबाद, आंध्र प्रदेश (आज तेलंगण). ईटच्या आजीची : ईट, जि. उस्मानाबाद, हैदराबाद संस्थान (आज ता. भूम, जि. धाराशिव, महाराष्ट्र).

बहुतेक ॲप आजचीच नावे सुचवतात. सुचवलेले नाव न निवडता हाताने टंकता येते, किंवा टिपेत जुने नाव घालता येते. सोबत नकाशावरचा बिंदू जोडला तर उत्तम, कारण एकाच नावाची गावे अनेक असतात आणि बिंदू कोणत्याही पुनर्रचनेत हलत नाही. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत किंवा सोलापूर-कर्नाटक पट्ट्यातील हेळव्यांच्या नोंदींत हेच तत्त्व दिसते. तिथे गाव आधी असते, देशाचे नाव क्वचितच.

सरकारी अर्ज मात्र वेगळे. तिथे इतिहास चालत नाही, सूचना चालते. भारतीय पासपोर्टच्या अर्जात, आज पाकिस्तान किंवा बांगलादेशात असलेल्या ठिकाणी १५ ऑगस्ट १९४७ पूर्वी जन्म झाला असेल तर देश म्हणून ‘अविभाजित भारत’ लिहायचे असते. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात जन्मठिकाणाचा आज प्रचलित असलेला देश निवडायचा असतो. म्हणजे कराचीत जन्मलेल्या मराठी आजोबांचा देश एका अर्जावर अविभाजित भारत आणि दुसऱ्यावर पाकिस्तान. दोन्ही अर्ज आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि वंशावळीत लिहायचे ते तिसरेच : कराची, मुंबई इलाखा. ईटकरांना हा त्रास नाही. हैदराबाद संस्थान कुठल्याही अर्जाच्या यादीत सापडत नाही आणि देश सरळ भारत येतो.

चुकले तर काय बिघडते?

कागद राज्यांच्या मागे जातात, म्हणून बिघडते. मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधाने हे अख्ख्या महाराष्ट्राला दाखवून दिले. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली. पश्चिम महाराष्ट्रात आणि विदर्भात इंग्रजी अमलातील गाव नमुना १४, कोतवाल बुके यांत नोंदी भराभर सापडत गेल्या. मराठवाड्यात तसे झाले नाही. इथले जुने दप्तर निजामाचे, त्यातले बरेच उर्दू आणि फारसीत, काही मोडीत, आणि त्यासाठी हैदराबादपर्यंत शोध न्यावा लागला. अखेर २ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे कार्यपद्धती ठरवणारा शासन निर्णय काढला. खर्डा आणि ईट यांच्यामधली जुनी हद्द एका पिढीच्या प्रवेश आणि नोकऱ्यांपर्यंत पोहोचली ती अशी.

जमिनीच्या बाबतीत मराठवाड्यातील घरांना पहिला आधार १९५४-५५ च्या खासरा पाहणीचा. ही पाहणी झाली तेव्हा ईट हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे कागदाच्या माथ्यावर महाराष्ट्र किंवा मुंबई दिसणार नाही, आणि म्हणून तो बनावट ठरत नाही. त्याआधीच्या निजामी कागदांवर सन फसली असतो. विसाव्या शतकातले हैदराबादी फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्यापासून सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरमधील तारखेला फसली सनात ५९० मिळवायचे, जानेवारी ते सप्टेंबरमधील तारखेला ५९१. निजाम शरण आला ते वर्ष फसली १३५७ चे शेवटचे दिवस, म्हणजे १९४८. आजोबांच्या दाखल्यावर १३४५ असा आकडा दिसला आणि महिना आजूर असेल तर साल १९३५.